घरापुरती वीज आणि वाऱ्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





बक्षीस-वितरणाच्या आधीचे भाषण कोणी लक्ष देऊन ऐकत नाही, हे इतकी वर्षे शिक्षक राहिल्यामुळे मी जाणतो. मुलांची नजर टेबलावरच्या ढालींवर असते आणि मातांची नजर मुलांवर. तरीही आजचा विषय आपल्या घरखर्चाशी जोडलेला असल्याने थोडा वेळ मागून घेतो.

गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या पालकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "सर, घरावर एक छोटी पवनचक्की बसवली तर विजेची कटकट संपेल काय?" विचारणारे सारे किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधले होते. त्यांच्या हाताशी असलेला पैसा आखातात मेहनत करून साठवलेला, किंवा मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेला. म्हणून "करून पाहा" असे मोघम उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आज ते उत्तर सविस्तर देणार आहे.

प्रश्न कोठून आला ते सर्वांना ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि पलीकडे मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब शेकड्यांनी आडवे झाले. कित्येक वाड्यांत वीज परत यायला आठवडेच्या आठवडे लागले. वर्ष करोनाचे, शाळा बंद, आणि शिक्षण मोबाइलवर! जेथे जनरेटर असेल तेथे मोबाइल चार्ज करून घ्यायला माणसे जमत होती. त्या दिवसांत डोक्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याकडे पाहून ज्याच्या मनात "हा वारा फुकट चालला आहे" असा विचार आला नसेल, असा माणूस विरळाच.

पण पहिली गोष्ट येथेच सांगून टाकतो. वादळात छोटी पवनचक्की वीज देत नाही. वादळाची सूचना मिळताच ती थांबवून, खांबासह जमिनीवर उतरवून ठेवावी लागते. तिचा उपयोग असलाच तर वादळ गेल्यानंतरच्या अंधाऱ्या आठवड्यांत.

वाऱ्याला कामाला लावणे ही नवी विद्या नव्हे. इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवर सिस्तान नावाचा प्रदेश आहे. दहाव्या शतकातील इतिहासकार मसऊदी याने तेथील पवनचक्क्यांची नोंद केली आहे. खुरासानातील नश्तीफान गावी मातीच्या भिंती आणि लाकडी पाती असलेल्या तशा चक्क्या आजही उभ्या आहेत. त्यांचा आस उभा असतो, फिरत्या दरवाजासारखा. त्या लोकांनी आपल्या वाऱ्याला नाव काय दिले होते? "एकशेवीस दिवसांचा वारा." उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तो वाहतो, हे त्यांनी मोजले होते आणि त्या अंदाजाने दळणाचे काम आखले होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

घराला वाऱ्याची वीज प्रथम मिळाली १८८७ मध्ये, स्कॉटलंडमधील मेरीकर्क या खेड्यात. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांचे तेथे सुट्टीतले घर होते. अंगणात त्यांनी कापडी शिडांची चक्की उभारली, तिची वीज बॅटऱ्यांत साठवली आणि घरातले दिवे लावले. शिल्लक विजेवर गावाच्या रस्त्यावर दिवे लावून देण्याची त्यांची तयारी होती. गावकऱ्यांनी ती नाकारली. वीज हे सैतानाचे काम आहे, असे त्यांना वाटले. नव्या विद्येला घाबरणारी माणसे फक्त आपल्याकडेच असतात असे समजण्याचे कारण नाही.

पण माझ्या मते या विषयातला खरा मोठा माणूस डेन्मार्कचा पॉल ला कूर. आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात हे पदार्थविज्ञान शिकवीत. लोकविद्यालय म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलामुलींची शाळा. १८९१ मध्ये शाळेच्या आवारात त्यांनी प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज थांबते, मग रात्री दिवे कसे लागणार? त्यांनी विजेने पाण्याचे विघटन केले, हायड्रोजन वायू टाकीत साठवला आणि त्या वायूच्या दिव्यांनी शाळा उजळली. वायूत ऑक्सिजन मिसळून स्फोट होत आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा पुन्हा बसवाव्या लागत, असे सांगतात. आपल्या संस्थेच्या चिटणीसांनी अशा शिक्षकाला कितपत सहन केले असते, हे मी विचारीत नाही.

ला कूर यांचे मोठेपण मात्र चक्कीत नाही, त्यानंतरच्या कामात आहे. एक चांगली चक्की म्हणजे खेड्यापाड्यांना वीज नव्हे, हे त्यांनी ओळखले. चक्की तपासणारा, बॅटरी सांभाळणारा, तुटलेली तार जोडणारा माणूस गावातच पाहिजे. म्हणून १९०४ पासून त्यांनी खेड्यांतील तरुणांसाठी "पवन-वीजतंत्री" असा अभ्यासक्रम चालवला. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा एक तरुण होता. त्याने पुढे उतारवयात, १९५७ मध्ये, डेन्मार्कमधील गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की सुरू केली. ती फारशी दुरुस्ती न लागता दहा वर्षे चालली. देवगडच्या सड्यावर किंवा साताऱ्याच्या पठारावर दिसणाऱ्या आजच्या प्रचंड चक्क्यांची जात त्याच घराण्यातली. खेड्यातल्या एका शाळेतला एक वर्ग कोठवर पोचतो पाहा!

अमेरिकेची हकीकत याहून वेगळी आहे आणि पालकांनी ती अवश्य ऐकावी. तेथील विस्तीर्ण माळरानावर एका शेतापासून दुसरे शेत मैलोगणती दूर. १९२० नंतरच्या काळात मोंटाना राज्यातल्या मार्सेलस आणि जो जेकब्ज या भावांनी घरच्यापुरती पवनचक्की बनवली आणि पुढे तिचा कारखाना काढला. त्यांची चक्की १९३३ मध्ये अॅडमिरल बर्ड यांच्या तुकडीबरोबर दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशातही गेली. हजारो शेतघरांत रेडिओ आणि दिवे वाऱ्यावर चालू लागले. नंतर १९३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. सरकारी कर्जाच्या मदतीने विजेच्या तारा शेतापर्यंत आल्या आणि चक्क्या एकेक करून उतरल्या. यंत्रात काही दोष होता म्हणून नव्हे. तारेतून येणारी वीज स्वस्त होती, हवी तेवढी मिळत होती आणि तिच्यासाठी खांबावर चढावे लागत नव्हते.

तेव्हा ज्यांच्या घरी मंडळाची वीज वर्षातून चार-दोन दिवस सोडता व्यवस्थित असते, त्यांनी पवनचक्कीच्या भानगडीत पडू नये. त्यांना चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर पुरे. माझे पुढचे बोलणे आहे ते डोंगरावरच्या किंवा खाडीपलीकडच्या एकट्या घरासाठी, बागेतल्या राखणदाराच्या घरासाठी, आणि जेथे पावसाळ्यात वीज दिवसेंदिवस जाते अशा वाड्यांसाठी.

आता हिशेब. विद्यार्थ्यांनी कान द्यावा.

वाऱ्यात किती शक्ती आहे हे दोन गोष्टींवरून ठरते. एक, पंखा फिरताना किती मोठे वर्तुळ व्यापतो, आणि दोन, वाऱ्याचा वेग. वर्तुळ दुप्पट क्षेत्रफळाचे केले तर शक्ती दुप्पट. पण वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, ती आठपट होते. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या विषयातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. सगळे फायदे आणि सगळी फसवणूक याच वाक्यातून निघते.

दोन मीटर व्यासाचा, म्हणजे साडेसहा फुटांचा पंखा घेऊ. घरगुती चक्की साधारण एवढी असते. वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर असेल, तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत सुमारे ५० वॅट शक्ती असते. ही सारी आपल्या हाती येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की कोणत्याही पंख्याला वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के शक्ती काढता येते. सगळी का नाही? सगळी शक्ती काढून घेतली तर हवा पंख्यामागे जागच्या जागी थांबेल आणि पुढून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर दारात कोणी बोलत उभे राहिले की मागच्यांचे काय होते, ते आपण दर आठवड्याला पाहतो. शिवाय पाती, डायनामो आणि तारा यांतले नुकसान असतेच. छोट्या चक्कीत अखेर चौथा हिस्सा हाती लागला तरी चांगले समजावे. म्हणजे ५० वॅटचे राहिले १२-१३ वॅट. एक एलईडी दिवा.

वारा ६ मीटर झाला की त्याच पंख्यातून साधारण १०० वॅट मिळतात. १२ मीटर झाला की ८०० वॅट. आता विक्रेत्याच्या पत्रकावर "एक किलोवॅट" असे ठळक छापलेले असते, ते कोणत्या वेगाचे? ११-१२ मीटरचे, म्हणजे ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाचे. तो वेग खालच्या ओळीत बारीक अक्षरांत असतो. तसा वारा आपल्याकडे वर्षातून किती तास, तेवढेच तास ती चक्की एक किलोवॅटची. पत्रक खोटे नसते. आपण ते अर्धेच वाचतो.

वर्षभराची सरासरी धरली तर हाती काय येते? दोन मीटरच्या पंख्याला सरासरी ३ मीटरचा वारा मिळाला तर दिवसाला सुमारे एकतृतीयांश युनिट, ४ मीटरचा मिळाला तर एका युनिटला थोडे कमी, आणि ५ मीटरचा मिळाला तर दीड युनिटाच्या वर. हे अंदाज ढोबळ आहेत, पण ३ आणि ५ यांतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वाऱ्याचा फरक दोन मीटरचा, विजेचा जवळजवळ पाचपट.

आता घराची गरज मोजू. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, ३० वॅटचा नव्या पद्धतीचा एक पंखा दहा तास, दोन मोबाइल आणि थोडा वेळ टीव्ही, एवढ्याला दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट लागते. हाच पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर तो एकटाच पाऊण युनिट खातो. फ्रिज ठेवला तर आणखी एक युनिट धरा. इस्त्री आणि पाण्याचा हीटर यांचे नावही काढू नका. ज्या घरात बचतीची सवय नाही, त्या घराला वाराही पुरत नाही आणि सूर्यही पुरत नाही.

सूर्याचे नाव घेतलेच आहे तर स्पष्ट बोलतो. आज सौर पॅनेल पूर्वीच्या मानाने खूप स्वस्त झाले आहे. ५०० वॅटचे एक पॅनेल आपल्या भागात स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे दोन युनिटे देते. त्यात फिरणारा भाग एकही नाही. म्हणून ज्याला घरापुरती वीज करायची आहे त्याने आधी सौर पॅनेल घ्यावे, असे मी सांगतो. पवनचक्कीवर भाषण करायला आलेल्याने हे सांगावे, याचे काहींना नवल वाटेल.

मग वाऱ्याचे काम काय? येथे सिस्तानचा एकशेवीस दिवसांचा वारा आठवा. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग असतात, सौर पॅनेल दिवसेंदिवस अर्धपोटी राहते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नैर्ऋत्येकडून जोराचा वारा असतो. वीज जाण्याचे महिनेही तेच. पावसाळा संपला की हा वारा पडतो. मग उरतात दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे, आणि तेव्हा ऊन भरपूर असते. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. कोकण किनाऱ्यावर चक्कीला अर्थ असलाच तर सूर्याची जोडीदार म्हणूनच. एकटी चक्की जानेवारीत घर अंधारात ठेवील. १९८६ मध्ये देशातील पहिली पवनऊर्जा केंद्रे उभारताना गुजरातमधील ओखा आणि तमिळनाडूतील तिरुनेलवेली यांच्याबरोबर रत्नागिरीचीही निवड झाली होती. आपल्या किनाऱ्यावर वारा आहे यात शंका नाही. तो आपल्या घराच्या जागी आहे काय, हा प्रश्न वेगळा.

कारण चक्की कोठे उभी आहे यावर जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. मी पाहिलेल्या एका घरी चक्की स्लॅबच्या कठड्याला बसवलेली होती. भोवती माडांची दाट बाग, समोर शेजाऱ्याची दुमजली इमारत. पंखा फिरताना दिसत होता, पाहुणे कौतुक करीत होते, आणि बॅटरी मात्र रोज मंडळाच्या विजेवर भरावी लागत होती. घरचे वडीलधारे मला म्हणाले, "सर, फिरते तर छान!" फिरणे आणि वीज देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हे एकाच घराचे दुर्दैव नव्हे. इंग्लंडमध्ये २००७-०८ या काळात वॉर्विक चाचण्या या नावाने इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्यांची वर्षभर मोजणी झाली. बंद असल्याचे दिवस धरून एका चक्कीची सरासरी वीज निघाली दिवसाला २१४ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. घरे आणि झाडे यांना अडखळून वारा भोवऱ्यासारखा होतो. तो पात्यांना ढकलत नाही, हिसके देतो. हिशेब बिघडतो आणि यंत्रही लवकर मोडते. छपरावर बसवली तर भिंतींतून घरघर ऐकू येते, ती निराळीच.

जाणकारांचा नियम असा की ५०० फुटांच्या परिसरात जे काही उंच असेल, त्याच्याहून पंख्याचे खालचे टोक ३० फूट वर असावे. माडाच्या बागेत हा नियम पाळायचा म्हणजे खांब केवढा उंच लागेल याची कल्पना करा. म्हणून बागेतल्या घराने चक्कीचा नाद सोडावा. उघडा सडा, समुद्राकडे तोंड असलेली टेकडी, खाडीच्या मुखाशी असलेली मोकळी जागा, ही चक्कीची ठिकाणे. जागा पारखण्याचा एक स्वस्त उपाय आहे. पतंग उडवा आणि त्याच्या दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर रंगीत फिती बांधा. ज्या उंचीपर्यंत फिती वेड्यावाकड्या फडफडतात तेथपर्यंत वारा बिघडलेला आहे, आणि जेथून त्या सरळ ताणून राहतात तेथून पुढे वारा कामाचा आहे. पालक रागावले तर सांगा, सरांनी दिलेला अभ्यास आहे.

खांबाला बुडाशी बिजागरी असावी, म्हणजे तो ताणाच्या तारा सोडून सावकाश आडवा करता येतो. वादळाआधी उतरवण्याची आणि वर्षातून एकदा पाती, नटबोल्ट तपासण्याची सोय त्यामुळे होते. उंच खांबावर चढून दुरुस्ती करणे हा शौर्याचा नव्हे, मूर्खपणाचा प्रकार आहे. खांब उतरवताना त्याच्या उंचीइतक्या अंतरात एकही मूल असता कामा नये.

यंत्राच्या आत फार शिरत नाही. मात्र एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. सौर पॅनेलची तार काढली तरी ते उन्हात गुपचूप पडून राहते. चक्कीची तार वारा असताना काढली तर तिच्यावरचा भार जातो आणि ती उतारावर चेन निसटलेल्या सायकलीसारखी सुसाट सुटते. पाती तुटून उडण्याची भीती असते. म्हणून बॅटरी पूर्ण भरल्यावर जास्तीची वीज आपोआप एखाद्या हीटरच्या तारेत वळवणारा नियंत्रक लागतो. त्यावर पाणी तापते आणि पावसाळी पहाटेच्या वजूला ते कामास येते. ही सोय नसलेली चक्की कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तसेच फार जोराच्या वाऱ्यात पंखा आपोआप कडेला वळावा म्हणून मागचे शेपूट बिजागरीवर तिरपे बसवलेले असते. घेताना ते हाताने वळवून पाहावे. आपल्या खाऱ्या हवेत डायनामोची लोहचुंबके गंजतात आणि बोल्ट जाम होतात, तेव्हा गंजरोधक लेप आणि ग्रीस यांत काटकसर नको.

बॅटरी जवळ ठेवली तर तारांत वीज कमी जाते. दूर ठेवायची असेल तर १२ व्होल्टऐवजी ४८ व्होल्टची जुळणी करावी. वीज तेवढीच, पण प्रवाह चौथ्या हिश्श्याचा, आणि त्याच तारेतले नुकसान सोळाव्या हिश्श्याचे. दहावीच्या मुलांनी हे स्वतः काढून पाहावे. शिशाच्या बॅटऱ्या भरताना हायड्रोजन सोडतात. ला कूरसाहेबांच्या खिडक्या आठवा आणि बॅटऱ्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.

एवढे ऐकून एखादा विद्यार्थी म्हणेल, हे सगळे पैसेवाल्यांचे काम दिसते. त्याच्यासाठी आफ्रिकेतील मलावी देशाची हकीकत सांगतो. २००१-०२ मध्ये तेथे दुष्काळ पडला. विंबे गावचा विल्यम कामक्वांबा हा शेतकऱ्याचा मुलगा, वय १४. फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. तो गावच्या प्राथमिक शाळेच्या वाचनालयात जाऊन बसू लागला. तेथे ऊर्जेवरचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक त्याच्या हाती आले. इंग्रजी जेमतेम, म्हणून तो आधी आकृत्या पाही आणि त्यावरून शब्दांचा अर्थ लावी. ट्रॅक्टरचा टाकाऊ पंखा, मोडकी सायकल, जुना शॉक अॅब्सॉर्बर आणि सायकलचा डायनामो यांतून त्याने चक्की बनवली. पाती केली पीव्हीसीचा पाइप तापवून, सपाट करून. खांब निलगिरीच्या ओंडक्यांचा. गाव त्याला वेडा म्हणत होते. घरात चार दिवे लागले, शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज होऊ लागले. पुढे जगाला त्याची माहिती झाली, तो पुन्हा शिकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचा पदवीधर झाला.

ही गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मला त्यातला एक लहान भाग जास्त मोलाचा वाटतो. जास्त वीज आली तर तारा तापून आग लागण्याचा धोका असतो. ते टाळण्यासाठी त्याने खिळे, लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांपासून वीज आपोआप तोडणारा खटका बनवला. तत्त्व विजेच्या घंटेचे, जे आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे आणि जे आपली मुले पाच गुणांसाठी पाठ करतात. त्याची पहिली चक्की १२ वॅटच्या आसपास होती. वीज थोडी होती, पण बिघाड झाला तर काय करायचे हे घरातल्या एकाला पक्के माहीत होते.

हेच स्कॉटलंडच्या स्कोरेग या वस्तीत दिसते. तेथे पक्का रस्ता जात नाही. होडीने जावे किंवा पाच मैल चालावे. ह्यू पिगट नावाचे गृहस्थ तेथे १९७० च्या दशकात राहायला गेले आणि मोडीतील मोटारींच्या ब्रेकच्या ड्रमांपासून चक्क्या बनवू लागले. त्यांनी नुसती वीज केली नाही. ती कशी करायची याची पुस्तके लिहिली आणि ठिकठिकाणी वर्ग घेतले, जेथे माणसे आठवडाभरात लाकडाची पाती तासून, तारेची वेटोळी गुंडाळून आपली चक्की स्वतः उभी करतात. ज्याने ती स्वतः बनवली त्याला ती दुरुस्त करता येते. इतक्या वर्षांत तेथे वाऱ्याची वीज टिकली, ती यामुळे.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. आपली बरीच मुले आयटीआयला जातात, वायरमन आणि फिटर होतात, आणि पासपोर्ट काढून बाहेर जातात. जावोत. पण दर वर्षी चार-पाच मुलांना, आणि मुलींनाही, सौर पॅनेल, बॅटरी आणि छोटी चक्की यांचे काम हाताने शिकवणारा एक वर्ग सुट्टीत चालवावा. बॅटरीची परीक्षा घ्यायला हातोड्याची ताकद लागत नाही, तेव्हा मुलींना हे काम जमणार नाही असे कोणी म्हणू नये. निसर्ग वादळानंतर प्रत्येक वाडीत असा एकेक हात असता तर ज्या घरांत पॅनेल आणि बॅटऱ्या होत्या, तेथे तरी अंधार इतके दिवस राहिला नसता.

आणि पालकांना विनंती अशी की एक वर्ष थांबा. चक्की घेण्यापूर्वी आपला वारा मोजा. हे मोजमाप मुले करतील आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. टेबल-टेनिसचा एक चेंडू फूटभर दोऱ्याने कोनमापकाच्या मध्याला टांगा. वाऱ्याने दोरा उभ्या रेषेपासून १० अंश सरकला तर वेग ताशी सुमारे १३ किलोमीटर, २० अंश सरकला तर १९, ३० अंशांना २४ आणि ४५ अंशांना ३२. किलोमीटरला ३.६ ने भागले की सेकंदाचे मीटर मिळतात. घराच्या आडोशाला मोजू नका. ज्या जागी खांब उभा करण्याचा विचार आहे तेथे, शक्य तेवढ्या उंचावर मोजा.

प्रत्येक नोंद वेगळी लिहा, नुसती सरासरी नको. एका दिवशी वारा २ मीटर आणि दुसऱ्या दिवशी ८ मीटर असेल तर सरासरी ५ आणि तिचा घन १२५. पण २ चा घन ८, ८ चा घन ५१२, आणि त्यांची सरासरी २६०. दुपटीहून जास्त फरक! वाऱ्याच्या हिशेबात आधी घन करायचा आणि मग सरासरी काढायची. ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात.

आठवी आणि नववीच्या प्रत्येक वर्गातून समुद्राकडच्या, सड्यावरच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांतील मुलामुलींची नावे विज्ञान मंडळाने घेतली आहेत. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा तीन नोंदी रोज करायच्या. सुट्टीतही आणि रोज्यातही. दहावीच्या मुलांना यातून वगळले आहे, नाहीतर त्यांच्या अम्मी मला रस्त्यात अडवतील. चेंडू, दोरा आणि कोनमापक प्रयोगशाळेत तयार आहेत. बक्षीस-वितरण झाल्यावर ते घेऊन जावेत. वही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पाहीन. पुढच्या वर्षी याच समारंभात कोणत्या वाडीत चक्की उभी करण्यासारखी आहे आणि कोणत्या वाडीने तो विचार सोडावा, ते ही मुले आकडे घेऊन आपल्याला सांगतील. तोपर्यंत कोणाच्या घरी विक्रेता पत्रक घेऊन आला तर त्याला चहा पाजावा, बारीक अक्षरांतली ओळ मोठ्याने वाचायला सांगावी, आणि बयाणा देऊ नये.